मांडवात विज्ञान कधी आलं?

मागच्या भागात आपण शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीवर बोललो होतो. आजचा विषय त्या मानाने घरगुती आहे, कारण तो निघाला आमच्या सोसायटीतल्या एका भांडणातून. हातघाईचं भांडण नव्हे, मीटिंगमधलं. पण बत्तीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला सोसायटीची मीटिंग जास्त अवघड जाते. तिथे कोणी कोणाचा हुकूम मानत नाही.

मी एचएसआर लेआउटमध्ये राहतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, ही कुणा थोर माणसाची आद्याक्षरं असतील. तसं काही नाही. होसूर–सर्जापूर रोड, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. सुरू केला चार मराठी घरांनी, आता त्यात कन्नड, तेलुगू, बंगाली सगळे आहेत. गेल्या वर्षी मी सुचवलं की दोन संध्याकाळी विज्ञानावर व्याख्यानं ठेवू, आणि रविवारी सकाळी मुलांना घेऊन मातीची मूर्ती, पत्रीची ओळख आणि आगरा तलावावर एक फेरी असं काही करू. एक सद्गृहस्थ म्हणाले, "कर्नलसाहेब, मुलं वर्षभर शाळेत जातात. देवापुढे तरी शाळा नको." सगळे हसले. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं होतं. शेवटी आरती आणि अंताक्षरी यांच्यामध्ये मला अर्धा तास मिळाला, तोही 'वेळ मिळाल्यास'.

घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. देवापुढे शाळा नको, ही आपली जुनी रीत आहे का? आपल्या आजोबा-पणजोबांना असंच वाटत होतं का? म्हणून पुस्तकं काढली. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात १८४८ पासून करू. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी त्या वर्षी एक सभा काढली. नावातच साहित्य आणि विज्ञान दोन्ही होतं. तिच्या दोन देशी शाखा झाल्या, एक गुजराती आणि एक मराठी. मराठी शाखेचं नाव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. मराठी व्याकरणकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. सभेत निबंध वाचायचे, त्यावर बोलायचं, आणि मग ते छापायचे. १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागलं ते यातूनच. त्याआधी १८४० मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दिग्दर्शन' काढलं होतं, त्यातही भूगोल, खगोल, पदार्थविज्ञान होतं. पण ते वाचायचं. सभेत ऐकायचं होतं, आणि वाचता न येणाऱ्या माणसालाही ऐकता येतं.

लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनची मुलांसाठीची नाताळ व्याख्यानं १८२५ पासून चालू होती. मायकेल फॅरेडे मेणबत्ती पेटवून तिच्यावर व्याख्यानं द्यायचा. ध्यानात घ्या, तीही सणाच्याच मोसमातली. सुट्टी असते, घर भरलेलं असतं, माणसं एकत्र जमलेली असतात. बोलणाऱ्याला आयती सभा मिळते. ही युक्ती आपल्याकडेही लवकरच कामाला आली.

१८७५ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या मित्रांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याची सुट्टी, संध्याकाळची हवा आणि रोज एक वक्ता. ती अजूनही चालू आहे. गावोगावच्या आपल्या व्याख्यानमाला, शारदोत्सवातल्या, गणपतीतल्या, या सगळ्या तिच्याच लेकी-नाती.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या सभेत बसायचं कोण? कॉलेजात शिकलेले पुरुष, आणि तेही ठराविक घरांतले. १८८५ मध्ये रानड्यांनी ग्रंथकार सभेचं निमंत्रण महात्मा फुल्यांना पाठवलं, ते फुल्यांनी नाकारलं. ज्यांना शेतकऱ्याचं दुःख ठाऊक नाही त्यांच्या सभेत आपण कशाला यावं, असा त्यांचा रोख होता. मी फौजेतला माणूस. नकाशावर रस्ता दिसतो, पण त्यावरून गाडी जाते की नाही हे जागेवर गेल्यावरच कळतं. व्याख्यान सर्वांना खुलं आहे, हे पाटीवर लिहिणं म्हणजे नकाशा झाला.

आता टिळक. सार्वजनिक गणेशोत्सवाचा इतिहास तुम्हाला सांगायला नको. १८९३–९४ ची ती वर्षं आपल्याला राजकारणासाठी आठवतात. पण १८९३ मध्येच टिळकांचा 'ओरायन' हा ग्रंथ आला, म्हणजे मृगनक्षत्राच्या आधारे वेदांचा काळ ठरवण्याचा प्रयत्न. त्यांचे निष्कर्ष आज विद्वान मानत नाहीत, तो वेगळा विषय. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ज्या माणसाने गणपती रस्त्यावर आणला, तो गणित शिकवणारा आणि रात्री आकाश बघणारा माणूस होता. त्याचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुण्याचे केरूनाना. त्यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टकं' तयार केली, आणि पुढे त्यांच्याच गणितावर पटवर्धनी पंचांग निघालं.

आता तुम्ही म्हणाल, पंचांगाचा आणि विज्ञानाचा काय संबंध? तर २०२३ ची गोष्ट सांगतो. त्या वर्षी कर्नाटकात गणेश चतुर्थीची सुट्टी १८ सप्टेंबरला होती आणि महाराष्ट्रात १९ ला. आमच्या सोसायटीत समोरच्या घरी गणपती बसला आणि आमच्याकडे आरास अजून अर्धवट. माझ्या नातवाने विचारलं, "आजोबा, बाप्पा आज त्यांचा आणि उद्या आपला, असं का?" यापेक्षा चांगला प्रश्न मला कुठल्या परीक्षेत कुणी विचारला नाही.

उत्तर असं आहे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. पण चंद्राची चाल सारखी नसते, म्हणून तिथी कधी एकोणीस-वीस तासांत उरकते, कधी सव्वीस तास रेंगाळते. सूर्योदयाशी तिला काही देणंघेणं नाही. ती मध्यरात्री लागेल, दुपारी लागेल. २०२३ मध्ये चतुर्थी १८ तारखेला दुपारी लागली आणि १९ ला दुपारी संपली. गणपती बसवायचा तो माध्यान्ही चतुर्थी असताना, आणि ती दोन्ही दिवशी माध्यान्हाला शिवत होती. मग कुठला दिवस धरायचा, यावर दोन मतं. नातवाला मी जेवणाच्या टेबलावर वाटी म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे चंद्र असं करून दाखवलं. अर्ध्या तासात आजूबाजूची सात-आठ मुलं जमली, आणि लिंबाचं शेवटी सरबत झालं.

हाच घोळ टिळकांच्या काळात फार मोठा होता. आपली पंचांगं तेव्हा बहुतेक गणेश दैवज्ञाच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून होत. तो ग्रंथ १५२० चा. फार हुशारीने केलेला, त्रिकोणमिती टाळून सोप्या बेरजा-वजाबाक्यांवर आणलेला. पण चारशे वर्षांत थोडी थोडी चूक साचते. पंचांगात लिहिलेलं ग्रहण आणि आकाशात लागलेलं ग्रहण यांच्या वेळा जुळेनात. आता दोन मार्ग. एक, पोथीत लिहिलंय तेच खरं. दुसरा, आकाशात दिसतं ते खरं. केरूनाना, शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर आणि टिळक या मंडळींनी दुसरा मार्ग धरला. दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ चा, आजही त्याला तोड नाही. केतकर जन्मले नरगुंदला, म्हणजे आताच्या कर्नाटकात. शाळामास्तर माणूस, पण नेपच्यूनपलीकडे ग्रह असावा असं गणित त्यांनी १९११ मध्ये फ्रान्समधल्या ज्योतिषसंस्थेच्या नियतकालिकात छापून आणलं होतं.

यांच्यापैकी कुणी धर्म सोडलेला नव्हता. सगळे सोवळं-ओवळं पाळणारे, निदान घरात तरी. पण चतुर्थी कधी, हे ठरवायला दुर्बिणीकडे जावं लागतं हे त्यांनी मान्य केलं होतं. तेव्हा 'देवापुढे शाळा नको' म्हणणाऱ्या आमच्या सद्गृहस्थांना मी एवढंच सांगेन, की देव कधी बसवायचा तेच शाळेशिवाय कळत नाही.

ग्रहणावरून आठवलं. सिंधुदुर्गात विजयदुर्ग किल्ल्यावर दर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतात. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. लोक येतात, मुलांना माहिती सांगतात. किल्ल्यावर विज्ञानाचा दिवस साजरा करणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही, आणि मला ती कल्पना फार आवडते. पण तिथे जे बरेचदा सांगितलं जातं, की नॉर्मन लॉकियरने १८६८ मध्ये या ओट्यांवरून हेलियम शोधला, ते बरोबर नाही. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होता. लॉकियर इंग्लंडमध्येच होता. त्याने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसतानाच, आपल्या उपकरणातून सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली ती पिवळी रेघ पाहिली. तो विजयदुर्गला आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी. ओटे त्या वेळचे. त्याच ग्रहणाला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला दुर्बीण लावून बसले होते.

आणि १८६८ च्या त्याच ग्रहणाला जमखंडीत, पटवर्धनांच्या संस्थानात, एक लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपट पाहत होता. मोठ्या हर्शेल घराण्यातला, आणि हुद्द्याने इंजिनियर्सचा अधिकारी. मी स्वतः बॉम्बे सॅपर्सचा असल्यामुळे या गोष्टीचा मला उगाचच अभिमान वाटतो.

विजयदुर्गची चूक मी मुद्दाम सांगितली. विज्ञानाच्या सभेतही दंतकथा तयार होतात. कौतुक वाढतं, तारखा सरकतात. म्हणून दिन साजरा करूच नये असं मी म्हणणार नाही. साजरा करावा, आणि ओट्यापाशी उभं राहून खरी तारीख सांगावी. खरी गोष्ट कमी रंगतदार नाही.

विसाव्या शतकात पुढे काय झालं ते भराभर सांगतो. १९२८ मध्ये 'सृष्टिज्ञान' मासिक निघालं. उत्सवात मेळे आले, पोवाडे आले, नाटकं आली, आणि त्यांच्या जोडीने व्याख्यानंही होती. मग लाउडस्पीकर आला. हे यंत्र आलं व्याख्यात्याच्या सोयीसाठी आणि त्यानेच व्याख्यात्याला घालवलं, असं माझं मत आहे. शंभर माणसांत बोलायला गळा लागतो, विचार लागतो. हजार माणसांवर आवाज फेकायला नुसतं यंत्र पुरतं. त्यानंतर ऑर्केस्ट्रा, त्यानंतर डीजे. असो.

आता आमच्या बंगळूरकडे येतो. इथे विज्ञानाच्या संस्था खंडीभर आहेत. टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली भारतीय विज्ञान संस्था १९०९ ची. सर सी. व्ही. रामन १९३३ मध्ये तिचे संचालक म्हणून आले आणि कायमचे इथलेच झाले. त्यांची स्वतःची संस्था १९४८ ची. तिथे ते २ ऑक्टोबरला गांधी स्मारक व्याख्यान देत. शेवटचं दिलं ते १९७० मध्ये, कानाचा पडदा आणि ऐकण्याची क्रिया यावर, आणि पुढच्याच महिन्यात ते गेले. पण विज्ञान रस्त्यावर आणण्याचं काम ज्यांनी केलं त्यांचं नाव मराठी मंडळींना फारसं ठाऊक नसतं. ते म्हणजे डॉ. एच. नरसिंहय्या.

इथे सगळे त्यांना एचएन म्हणायचे. गरीब घरातला मुलगा, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेला, पुढे अमेरिकेत भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करून परत आलेला. खादीचे कपडे, डोक्यावर गांधी टोपी, लग्न नाही, आणि बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजच्या वसतिगृहातली एक खोली हेच घर. १९६२ मध्ये त्यांनी बेंगळूर सायन्स फोरम सुरू केला. दर बुधवारी संध्याकाळी एक व्याख्यान, कुणीही यावं, फुकट. जुलै महिन्यात विज्ञानाचा उत्सवच. पुढे ते बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि १९७६ मध्ये चमत्कार तपासण्यासाठी समिती नेमून त्यांनी मोठं वादळ अंगावर घेतलं. पण मला त्या वादळापेक्षा बुधवार मोठा वाटतो. वादळ अंगावर घेणारे असतात. वर्षानुवर्षं दर बुधवारी सभागृहाचं कुलूप उघडणारा माणूस दुर्मीळ.

त्याच १९६२ मध्ये केरळात शास्त्र साहित्य परिषद सुरू झाली. आणि २४ एप्रिल १९६६ ला मुंबईत मराठी विज्ञान परिषद. म. ना. गोगटे हे तिच्या मागचे मुख्य माणूस. विज्ञान मराठीतून सांगता आलं पाहिजे, हा एकच आग्रह. एक गंमत बघा, बंगळूरला एप्रिलमध्ये एक दिवस असा येतो की भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तो दिवस येतो २४ एप्रिलच्या आसपासच. मी त्या दिवशी गच्चीवर तांब्या ठेवतो आणि मुलांना बोलावतो.

विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. १९७४ मध्ये एक कथा आली, 'कृष्णविवर', लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण परीक्षकांनी नावाकडे बघून बक्षीस देऊ नये म्हणून टोपणनावाने स्पर्धेत उतरला. पुढे पुण्यात आयुका उभी राहिल्यावर तिथे शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं सुरू झाली. नारळीकर २० मे २०२५ ला गेले. त्या दिवशी आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर कितीतरी जणांनी लिहिलं, की त्यांना मी शाळेत असताना ऐकलं होतं. काय ऐकलं ते फारसं कुणाला आठवत नव्हतं. ऐकलं होतं, एवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात.

आता जरा माझ्याबद्दल. १६ फेब्रुवारी १९८० ला शनिवारी दुपारी खग्रास सूर्यग्रहण झालं. पट्टा कारवार-अंकोल्याकडून हुबळी, गदग, रायचूरवरून गेला. मी तेव्हा बेळगावला बी.एस्सी. करत होतो, विषय भौतिकशास्त्र. बेळगावहून हुबळी शंभर किलोमीटरसुद्धा नाही. वर्गातले चौघे बसने गेले. मी गेलो नाही. आईने शपथ घातली होती, आणि वडील काही न बोलता दाराशी बसून होते. खिडक्या लावून, अंधार करून, आम्ही घरात बसलो. बेळगावातले रस्ते कर्फ्यू लागल्यासारखे. चौघे रात्री परत आले. त्यांतला एक बोलतच नव्हता. मी विचारलं, काय दिसलं? तो म्हणाला, "सांगता येत नाही रे." पंचेचाळीस वर्षं झाली, ते वाक्य अजून टोचतं.

त्याच वर्षी महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटना सुरू झाली. १९८७ मध्ये देशभर जनविज्ञान जथे निघाले, पाच दिशांनी, २ ऑक्टोबरला निघून ७ नोव्हेंबरला, रामन यांच्या जन्मदिवशी, भोपाळला पोचले. भोपाळच का, ते सांगायला नको. त्याच वर्षापासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

आणि मग २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध प्यायला तो दिवस. मी एका युनिटमध्ये होतो, नाव सांगत नाही. युनिटच्या मंदिरासमोर जवानांची रांग लागली. एका तरुण जवानाने मला विचारलं, "साहेब, आप तो साइन्स पढ़े हैं, यह कैसे होता है?" मला ठाऊक होतं. चमचा भरून तिरपा धरला की पृष्ठताणामुळे दूध दगडाला चिकटून पातळ थरात खाली ओघळतं, आणि संगमरवर पांढरा असला तर ओघळ दिसत नाही. चमच्यात दुधाऐवजी लाल रंगाचं पाणी घेतलं असतं तर दोन मिनिटांत दिसलं असतं. मी म्हणालो, "श्रद्धा की बात है," आणि पुढे गेलो. सोपं होतं ते. श्रद्धेचा मान राखला असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याने श्रद्धेबद्दल विचारलंच नव्हतं. त्याने पृष्ठताणाबद्दल विचारलं होतं.

तेव्हा मंडळी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी अर्ध्या तासासाठी का भांडतो, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आता कार्यशाळांकडे येऊ. मातीचा गणपती करायला मुलांना बसवलं की पहिला प्रश्न येतो, प्लास्टर ऑफ पॅरिस का नको? 'प्रदूषण होतं' हे उत्तर मुलांना पाठ असतं आणि त्याचा अर्थ माहीत नसतो. म्हणून मी दोन बादल्या ठेवतो. एकीत मातीचा गोळा, दुसरीत प्लास्टरचा. प्लास्टरमध्ये पाणी घातलं की त्याचं जिप्सम होतं, आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे दोन किलोच्या मूर्तीला हजारेक लिटर पाणी हवं. पाचव्या दिवशी मुलं बादलीत हात घालून बघतात, गोळा तसाच. माती तरी विरघळते का? नाही. ती सुटी होते आणि तळाशी बसते. तलावात दर वर्षी टनावारी माती टाकली तर गाळ वाढणारच. हेही सांगावं लागतं, नाहीतर आपण एक अंधश्रद्धा काढून दुसरी बसवू. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक तोड काढली. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट टाकायचं, मूर्ती काही दिवसांत विरघळते, खाली खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट राहतं आणि वरचं पाणी झाडांना खत म्हणून चालतं. पुणे महापालिकेने २०१६ पासून ती पावडर लोकांना वाटली. वास येतो अमोनियाचा, तेवढा सोसावा लागतो.

पत्रीचा कार्यक्रम सगळ्यांत रंगतो. शास्त्राप्रमाणे एकवीस पत्री. माका, बेल, दूर्वा, धोत्रा, शमी, आघाडा, डोरली, रुई, अर्जुन, डाळिंब, मरवा वगैरे. बाजारात 'पत्री' म्हणून जुडी मिळते, ती मुलांपुढे सोडायची आणि ओळखायला लावायचं. मागे एकदा त्यात एकवीसपैकी फक्त सहा निघाल्या, बाकी रस्त्याकडेची कुठलीही पानं. देवदार तर यादीत आहे पण बंगळुरात आणायचा कुठून? मी हिमालयात देवदाराखाली तंबू ठोकून महिनेच्या महिने राहिलोय, तेव्हा गणपतीची आठवण झाली नव्हती. आता मुलांना फोटो दाखवतो. एका आजींनी मात्र माझा चांगला वर्ग घेतला. म्हणाल्या, "आघाडा असा ओरबाडून नाही घ्यायचा हो, कणीस ओढलं तर काटे टोचतात." चार दिवसांची माझी तयारी त्या एका वाक्यापुढे फिकी पडली.

आगरा तलावावरची फेरी सकाळी साडेसहाला. आयटीतले आईवडील डोळे चोळत येतात. या गावात गंग राजांच्या काळातला, नवव्या शतकातला शिलालेख आहे. त्यात तलावाला मोऱ्या बसवल्याची नोंद आहे. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वी इथे पाण्याची राखण कशी करायची हे ठरवून दगडावर कोरलं गेलं. बेंगळूरु हे नाव असलेला बेगूरचा जुना शिलालेखही इथून फार लांब नाही, साधारण त्याच काळातला. मुलांना शिलालेखात फारसा रस नसतो, पक्ष्यांत असतो. पाण्यावर काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. मी सांगतो, याला मराठीत वारकरी म्हणतात. एवढ्यावर मराठी घरातली मुलं खूश. कन्नड मुलं लगेच आपल्या आजीला फोन करून विचारतात, आपल्याकडे याला काय म्हणतात?

शेवटी एक प्रसंग सांगून थांबतो. हा गेल्या वर्षीचा नाही, आधीचा आहे. २६ डिसेंबर २०१९ ला कंकणाकृती ग्रहण होतं. मंगळूर, कोइमतूरकडे कंकण, आमच्याकडे नव्वद टक्क्यांच्या आसपास. सकाळची वेळ, साडेनऊला मध्य. आमच्या रस्त्यावर करंजाची झाडं आहेत, इथे त्याला होंगे म्हणतात. त्यांच्या पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या. बघायला मी आणि दोन मुलं. बाकी सोसायटी, सगळी इंजिनियर मंडळी, दारं लावून आत. मला १९८० चं बेळगाव आठवलं.

तळमजल्यावर वॉचमनचं कुटुंब राहायचं, यादगीरकडचं. त्याची बायको गरोदर, सातवा महिना. सासूने तिला आदल्या रात्रीपासून हलू दिलं नव्हतं. तिची सात-आठ वर्षांची मुलगी मात्र दारातून डोकावत होती. 'बाहेर या, काही होत नाही' असं सांगायला माझी जीभ सरसावली, पण आईचा चेहरा आठवला. मी वर गेलो, दाढीचा छोटा आरसा घेतला, त्यावर कागद चिकटवला, कागदाला वाटाण्याएवढं भोक पाडलं. अंगणातल्या खुर्चीवर कणकेच्या गोळ्यात आरसा रोवला आणि उन्हाची तिरीप त्यांच्या दारातून आत, अंधाऱ्या खोलीच्या मागच्या भिंतीवर टाकली. भिंतीवर वाटीएवढा सूर्य पडला, एका बाजूने खाल्लेला.

तो नेमका पडला कॅलेंडरवरच्या गणपतीवर. सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "स्वल्प आ कडे सरसरी." जरा तिकडे सरकवा. मी सरकवला. मग त्या सुनेशेजारी जमिनीवर बसल्या. तासभर तो सूर्य बारीक होत गेला, मग पुन्हा भरत गेला, आणि पृथ्वी फिरते म्हणून भिंतीवरून हळूहळू सरकत राहिला. दर थोड्या वेळाने मुलगी बाहेर येऊन आरसा फिरवायची. तिला ते एकदा सांगितल्यावर जमलं. सगळं संपल्यावर सासूबाईंनी खोली धुतली, सुनेला आंघोळ घातली, जसं करायचं तसंच.

मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि ते कुटुंब गावी गेलं ते परत आलं नाही. आरसा त्या मुलीकडेच आहे.

बरं. पुढच्या भागात कर्नल लॅम्ब्टन. १८०० मध्ये त्याने या बंगळूरजवळच्या माळावर साखळीने जमीन मोजायला घेतली, त्याची गोष्ट. तोवर नमस्कार.